रेशमी म्हणून लावलेली तार

आमच्या स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत गेलेली विजेच्या घंटेची तार रेशमी नव्हती, सुती होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना यात सांगण्यासारखे काय आहे ते कळणार नाही, आणि उरलेले निम्मे हातातला कागद खाली ठेवून हात धुवायला उठतील. दोघांसाठीही मला पहिल्यापासून सांगावे लागेल.

आमचे घर ठाण्यास नौपाड्यात. पुढे ओसरी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, त्याच्याही मागे पडवी आणि विहीर. मी कचेरीत कारकून, म्हणून ओसरी माझी. स्वयंपाकघर आत्याचे. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. सासरचा उंबरठा पुरता ओळखीचा होण्याआधीच ती विधवा होऊन माहेरी परत आली, आणि माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. तिच्या मालकीचे म्हणावे असे घरात काही नव्हते. एक सोवळे तेवढे होते. विहिरीवर अंघोळ करून, रेशमी आलवण नेसून ती चुलीपाशी बसली की सगळ्यांची जेवणे उरकेपर्यंत तिला कोणी शिवायचे नाही. बाहेरचे कपडे घालून मी स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडला नाही. आळीत कोणाकडे श्राद्धपक्ष असला की बायका म्हणत, "त्यांच्याकडच्या आत्याबाईंना बोलवा, त्यांचं सोवळं म्हणजे सोवळं." कोणाकडे शेत असते, कोणाकडे दागिने असतात. आत्याकडे हे वाक्य होते.

आता घंटेकडे येतो. आमच्यात घरची बाई ओसरीवरच्या पुरुषाला हाक मारीत नाही. ती माजघराच्या दाराची कडी वाजवते. आमच्या घरी कडीची एक बोलीच तयार झाली होती. एकदा वाजली म्हणजे पान वाढले आहे. दोनदा वाजली म्हणजे आत यावे. नुसती खळखळ झाली म्हणजे हे पाहुणे उठणार कधी. पाहुण्यांच्याही घरी कडी असल्यामुळे ही तिसरी खूण त्यांना ताबडतोब कळे, आणि ते मुद्दाम नवी सुपारी कातरायला घेत.

माझा एक शाळासोबती कल्याण स्टेशनात तारमास्तर होता. एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो असता त्याने मला फळीवर ठोकलेली एक पितळी घंटा दाखवली. कोणा साहेबाच्या बंगल्यातून काढून टाकलेली. खाली काचेची बरणी, बरणीत नवसागराचे पाणी, त्यात जस्ताची एक कांडी आणि कसलीशी काळी पट्टी. त्याने दोन तारा जोडून कळ दाबली आणि घंटा अशी काही किंचाळली की त्याच्या बायकोच्या हातातून परात पडली.

"घेऊन जा हिला," तो म्हणाला. "घरात हिचं नि माझं पटत नाही. तिकडे कळ, इकडे घंटा. वहिनींची कडी सुटेल."

मला पहिला प्रश्न सुचला तो कारकुनाचाच. "पण घरातल्या घरात आपण स्वतः तार लावलेली सरकारला चालते?"

"तार सरकारची. दुसऱ्या कोणी ओढायची नाही असा कायदाच आहे. पण आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत, आपल्या कामापुरती असली तर सरकार विचारत नाही. वाजव हवी तेवढी. ती गल्ली ओलांडून पलीकडे गेली, की मग रावसाहेब, तुम्ही तारखातं झालात. मग साहेबापुढे हात जोडून उभे."

"म्हणजे कुंपणापर्यंत चालेल?"

"चालेल."

"आणि कुंपणावर?"

"अरे, तू घंटा लावतोयस की खटला?"

सरकारचे नियम मला असे एका बैठकीत समजले. आत्याचे समजायला श्रावण आणि भाद्रपद गेले.

पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर बसून तिला सगळे समजावून सांगितले. ती आत तांदूळ निवडत ऐकत होती.

"तिकडे ती घंटा. तिला कोण शिवणार?"

"कोणीही शिवेल."

"आणि इथली ती कळ कोण दाबणार?"

"तू. नाहीतर तुझी सून."

"मधे तार. म्हणजे कोणीही मला शिवलं."

"आत्या, तारेतून शिवणं जात नाही. तारेतून वीज जाते."

"वीज जाताना दिसते?"

"नाही."

"आणि शिवणं दिसतं?"

मी डोके खाजवले.

"मग कोण गेलं नि कोण नाही, हे तुला काय ठाऊक?" असे म्हणून तिने सुपातला एक खडा माझ्या दिशेने टाकला.

 हेच मी तारमास्तराला विचारले, तर तो म्हणाला की त्याच्या पगारात हा प्रश्न बसत नाही.

पण आत्याने नुसता नकार दिला असता तर ती आत्या कसली. तिला घंटा हवीही होती. कडी वाजवायला माझ्या बायकोला दर वेळी सोवळ्यातून उठून माजघरात जावे लागे आणि चुलीवरचे करपे. म्हणून तिने एकेक वस्तू तपासायला घेतली. पांढरीशुभ्र गुळगुळीत कळ हातात न घेता दुरूनच पाहिली.

"हे कशाचं?"

"हाडाचं असावं."

"चुलीपाशी हाड," ती शांतपणे म्हणाली. तेवढ्यावर कळ बाद झाली.

नवसागराची मला धास्ती होती, तो मात्र आश्चर्यकारकरीत्या पास झाला. कल्हईवाला आमच्याच पातेल्यांना तो लावत असे. पातेल्याला चालतो तो बरणीला का नाही, हा मुद्दा तिने स्वतःच काढला आणि स्वतःच मान्य केला. अडले ते तारेपाशी. आत्याने देवळात पुराण सांगणाऱ्या भटजींना गाठले. भटजींनी विजेची घंटा जन्मात पाहिली नव्हती, तरी निर्णय जागच्या जागी दिला. तांबे शुद्धच, त्याला दोष नाही. प्रश्न तांब्यावर गुंडाळलेल्या धाग्याचा. सुती धागा ओवळा. तो धुऊन सोवळ्यात वाळवला तर चालेल, पण भिंतीवरची तार रोज धुऊन वाळत घालणार कोण? रेशमाला मात्र विटाळ नाही. तार रेशमी असेल तर खुशाल लावा.

"रेशमी आण," आत्या मला म्हणाली. "मग माझं काही म्हणणं नाही."

आणि बाद झालेल्या कळीच्या जागी बसवायला तिने मला देवघरातून एक वस्तू आणून दिली. सहाणेवर झिजून झिजून बोटाच्या पेराएवढे उरलेले चंदनाचे खोड. "याला बोट लावायला मला काही वाटणार नाही," ती म्हणाली. सुताराकडून त्याला भोक पाडून घेऊन मी कळ तयार केली. दाबल्यावर बोटाला वास येई. एवढी पवित्र कळ कोणत्याही साहेबाच्या बंगल्यात नसेल, असे मी कचेरीत सांगत सुटलो.

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी घंटा वाजवायची असे ठरले. मी आळीला आमंत्रण देऊन बसलो होतो. कारकुनाला मिरवायची हौस नसते असा कोणी समज करून घेऊ नये. तारमास्तर दुपारी कल्याणहून तार घेऊन आला. सुरेख हिरवी, चकचकीत. मी हात फिरवला आणि त्याच्याकडे पाहिले.

"रेशमी नाही मिळाली," तो हळूच म्हणाला. "ती केसासारखी बारीक असते, घंटेच्या पोटात गुंडाळायची. लांब ओढायला सगळीकडे हीच सुती. पण रंग देऊन मेण लावलंय बघ. कोणाला कळतंय?"

मी तारेचे वेटोळे ठेवून घेतले. तो चहा पिऊन संध्याकाळच्या आत परत गेला, आणि मी अंघोळ करून, सोवळ्याची धाबळी नेसून, स्टुलावर चढून तार ठोकू लागलो. चुलीच्या वरून, कोपऱ्यातून, माजघरातून ओसरीकडे. आत्या खाली उभी राहून मान वर करून पाहत होती.

"रेशमीच ना रे?"

माझ्या तोंडात खिळे होते. मी मान हलवली.

मी खोटे बोललो नाही, नुसती मान हलवली, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला समजावत आलो. तोंडात खिळे नसते तर मी खरे बोललो असतो, असेही मनाशी म्हणून पाहिले. खिळे काढायला किती वेळ लागतो?

पाडव्याची संध्याकाळ दणक्यात झाली. आत्याने आतून चंदनाच्या खोडावर बोट ठेवले, बाहेर घंटा खणखणली, आणि ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित मंडळी अशी दचकली की दोघांना पगड्या सरळ कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी बाळकुमाहून भाजी घेऊन येणारी बाई दारात टोपली उतरवत असतानाच घंटा झाली. तिने टोपली तशीच ठेवून घराकडे तोंड करून हात जोडले आणि मला विचारले, "यो कोनचा देव हाय?" मी उत्तर द्यायच्या आत आतून आत्या म्हणाली, "भुकेचा देव आहे गो. जेवायला वाढलंय त्याला."

बायका घंटा पाहायला येत, आणि आत्या त्यांना घंटा न दाखवता तार दाखवी. "रेशमी आहे," ती म्हणायची. "त्याने मुद्दाम मागवली माझ्यासाठी." मी ओसरीवर वर्तमानपत्र वर धरून बसायचो.

समोर गल्लीपलीकडे एक वकील राहत. रोज संध्याकाळी आमचा बुद्धिबळाचा डाव असे. घंटेवर त्यांचा फार जीव जडला.

"एक फाटा माझ्या ओसरीपर्यंत द्या," ते म्हणाले. "डाव मांडला की मी कळ दाबीन. निरोप धाडायला नको."

"जमणार नाही. गल्ली ओलांडता येत नाही. कायदा आहे."

"चार हातांची गल्ली. कोण बघतंय?"

"वकीलसाहेब, तुम्ही मला कायदा मोडायला सांगता?"

वकील ओशाळले. ही हकीकत मी कचेरीत निदान चार वेळा सांगितली, आणि कायद्याने चालणारा माणूस म्हणून माझे जरा नावही झाले. तार गल्लीवरून गेली असती तर सरकारने मला दंड केला असता. ती चुलीवरून गेली होती, आणि तिथे दंड नव्हता. या दोन गोष्टी मी तेव्हा शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ते झाले. कचेरीतले वरिष्ठ आमच्याकडे आले होते. वकीलही होते. मी बाहेरच्याच कपड्यांत ओसरीवर बसून विजेच्या उपयोगांवर बोलत होतो, एवढ्यात घंटा वाजू लागली. वाजू लागली ती थांबेना. पान वाढले, आत या, पाहुणे उठणार कधी, असे सगळे एकदमच सांगत सुटली.

"काही घाई आहे वाटतं आत," वरिष्ठ म्हणाले.

मी धावत स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत गेलो आणि तिथेच थबकलो. चुलीच्या उष्णतेने मेण वितळले होते, खिळा निसटला होता, आणि तार जाळावर लोंबली होती. वरचा धागा धुमसत होता आणि तिच्यातल्या जाण्यायेण्याच्या दोन तारा उघड्या होऊन एकमेकींना बिलगल्या होत्या, म्हणजे कळ दाबून धरल्यासारखेच. आत जावे तर अंगात कचेरीचे कपडे. बायको विहिरीवर. आत्या हातात सांडशी घेऊन उभी.

"धर, आत्या. सांडशीने धर."

"कोणती?"

"कोणतीही. ओढ."

"चटका बसेल?"

"विजेचा नाही बसणार. जाळाचा सांभाळ."

आत्याने अळवाची गाठ सोडवावी तशा त्या तारा सोडवल्या आणि घंटा गप्प झाली. नौपाड्यातली पहिली विजेची दुरुस्ती अशी आमच्या आत्याने सोवळ्यात केली. घंटेचा मालक म्हणवणारा मी उंबरठ्याबाहेर उभा राहून हातवारे करत होतो. ओसरीवर, माझ्या कोपराशेजारी, बरणीतून एक तार उपटली असती तरी काम झाले असते, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले.

पण आत्याने सांडशी खाली ठेवली नाही. तारेचे जळके टोक तिने नाकाजवळ नेले. जरा वेळ धरले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जा. पाहुणे खोळंबलेत."

दोन दिवसांनी वकिलांची आई मागच्या दाराने आली. मी माजघरात होतो.

"जळली म्हणे तुमची तार? रेशीम असं जळतं का गं?"

आत्याने चुलीत एक लाकूड सरकवले.

"रेशीमच होतं," ती म्हणाली. "जळलं."

मला हायसे वाटले. तिला काही कळलेले नाही, असे मी धरून चाललो. तार तीच होती; मी ती चुलीपासून लांबच्या भिंतीवरून फिरवून पुन्हा ठोकली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आत्या म्हणाली, "मला मागच्या पडवीत एक चूल घालून दे. आत धुराने डोळे चुरचुरतात."

पडवीत धूर जास्त होतो, हे मला समजायला हवे होते. मी मात्र उत्साहाने चूल घालून दिली, वर आडोशाला माडाचे झापही बांधले, आणि आत्याची किती काळजी घेतो म्हणून बायकोकडून शाबासकी मिळवली. आतला स्वयंपाक बायकोकडे आला. आत्या पडवीत आपल्यापुरता भात शिजवून घेऊ लागली. आळीतून श्राद्धाच्या स्वयंपाकाला बोलावणे आले की सांगू लागली, "गुडघे धरलेत, आता दुसरी कोणी बघा." त्याच गुडघ्यांनी ती विहिरीचे पाणी ओढत होती. मीही म्हणालो, "वय झालं."

मग एका संध्याकाळी मी पडवीत तिच्याजवळ बसलो होतो. ती कापसाच्या वाती वळत होती. रोज वळते, मला आठवते तेव्हापासून वळते. वाऱ्याने समोरचा दिवा गेला, आणि जळक्या वातीचा वास आला. तो वास मला ओळखीचा वाटला. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभा होतो त्या दिवशी तोच आला होता, कापूस जळल्याचा. मला तो ओळखायला एवढे दिवस लागले. तिचे सगळे आयुष्य वाती वळण्यात गेले होते, आणि तिने तार नाकाशी धरली होती.

मी वर पाहिले. पडवीच्या कोनाड्यात चंदनाचे खोड होते, मधे सुताराने पाडलेले भोक. तिने ते कधी काढून आणले होते कोण जाणे. मी तार फिरवली तेव्हा कळीला दुसरे लाकूड लावले होते, आणि जुन्याची चौकशी केली नव्हती. ते देवघरात परत गेले नव्हते. तिने टाकूनही दिले नव्हते.

तेव्हा मला एकेक गोष्ट उलगडत गेली. तार सुती आहे असे ती बोलली असती तर आळीने आमच्याकडचे पाणी घेतले नसते, आणि पाडव्यापासून आमच्या घरी जेवून गेलेल्या प्रत्येकाने माझ्या नावाने बोटे मोडली असती. म्हणून ती रेशीम म्हणाली. जन्मात खोटे न बोललेली बाई माझ्यासाठी एकदा खोटे बोलली. पण लोकांच्या श्राद्धाचा स्वयंपाक त्या खोट्यावर करणे तिला जमेना, म्हणून गुडघे धरले. आणि माझ्या तारेखाली स्वतःचा घास शिजवणेही जमेना, म्हणून डोळे चुरचुरू लागले. तिचे ते एकच वाक्य, "त्यांचं सोवळं म्हणजे सोवळं", तिने कोणाला न कळता मिटवून टाकले, आणि माझे नाव मात्र कायद्याने चालणारा माणूस असेच राहिले.

"काय रे?" आत्या म्हणाली. "असा काय बघतोस?"

"काही नाही."

"मग दिवा लाव."

मी दिवा लावला.

सोवळ्याओवळ्यावर आता माझा पूर्वीसारखा विश्वास उरलेला नाही. तारेतून शिवणे जात नाही, असे मी आजही म्हणेन. पण तो प्रश्न तिने मला विचारलाच नव्हता. तिने विचारले होते, रेशमीच ना.

घंटा गेल्या वर्षी बंद पडली. जस्ताची कांडी झिजून संपली आणि मी दुसरी आणली नाही. घरात पुन्हा कडी वाजते. वकील अजून समोर राहतात आणि अजून फाटा मागतात. हे छापून आले की तेच ओसरीवर बसून मोठ्याने वाचतील, आणि त्यांच्या आवाजाला गल्ली ओलांडायला कोणाची परवानगी लागत नाही. आत्याला वाचता येत नाही, पण ऐकू उत्तम येते. तिच्या कानावर हे वकिलांच्या तोंडून जाता कामा नये.

आत्या आहे. आज सकाळीही तिची चूल पडवीतच पेटली. तिला आत परत बोलावण्याचा अधिकार मला नाही. यायचे की नाही ते ती ठरवील. मी तिला एक वाक्य देणे लागतो: तार सुती होती, आणि मान हलवली तेव्हा ते मला ठाऊक होते. ते मी तिला अजून सांगितलेले नाही.